चोरून दिलेली अर्धी गोळी

डॉक्टरांनी माझ्या बायकोला, हिराला, अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर टेकवायला सांगितलं. दहा-बारा वेळा टेकवल्यावर बोटं अडखळली. "पार्किन्सन्स," डॉक्टर म्हणाले. मेंदूतलं हालचाली सांभाळणारं एक रसायन कमी पडतं, म्हणून हात कापतात, अंग ताठरतं. वेसाव्याच्या बाजारात तीस वर्षं सुरमई कापणारी हिरा स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

सहा वर्षं गोळ्यांवर निभावलं. मग त्यांचा असर टिकेना, तेव्हा अंधेरीच्या एका हॉस्पिटलात डीप ब्रेन स्टिम्युलेशन केलं. म्हणजे मेंदूत खोलवर बारीक तारा आणि छातीत कातडीखाली बॅटरी. हे नवं यंत्र मेंदूचे सिग्नल वाचून करंट आपणच कमी-जास्त करतं. पण त्यासाठी आजाराचा सिग्नल आधी डॉक्टरांना पडद्यावर दिसावा लागतो. महिन्याने सेटिंगला बोलावलं तेव्हा त्यांनी बजावलं होतं, आदल्या रात्रीपासून गोळी बंद, गोळीने तो सिग्नल दबतो.

सकाळी हिरा लाकडासारखी ताठ. कूस वळता येईना, डोळ्यांतून पाणी. माझ्याच्याने बघवेना. अर्धीच तर आहे, म्हटलं, आणि गोळी तिच्या जिभेवर ठेवली.

हॉस्पिटलात पडद्यावरची रेघ सपाट.

"गोळी दिली नाही ना, काका?"

"नाही," मी म्हणालो. ओरडा बसेल म्हणून या वयात खोटं बोललो.

"मग तार सरकली असेल. स्कॅन करू. कदाचित पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

हिराने मान खाली घातली. नर्सने स्कॅनचा फॉर्म पुढे केला, मी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"डॉक्टर, अर्धी दिली."

त्यांनी चष्मा काढला. "मी तुम्हाला विचारलं होतं ना? आता असर उतरेपर्यंत थांबा."

तीन तास बाहेर बाकावर होतो. स्वतःच्या बायकोचा हात कधी कापायला लागतो याची वाट बघायची, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. दुपारी अंगठा हलू लागला. आत नेलं, तर रेघेवर उंचवटा उभा! तारा जागच्या जागी होत्या. डॉक्टर करंट वाढवत गेले तसा उंचवटा बसला आणि हातही थांबला. मी त्यांना हात जोडले.

तुमच्या घरी हे आलं तर कितीही दया येऊ दे, डॉक्टरांपासून लपवू नका.

घरी येताना रिक्षात मी चिडलोच. "तू का नाही बोललीस? डोकं परत उघडलं असतं ना गं!"

"चारचौघांत तुम्हाला ओरडले असते," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.