तारबाबूची बोटं

अमरावतीच्या कापूसबाजारालगत तारघर होतं. त्याच्या दाराशी मी वांगी आणि कांदे घेऊन बसत असे. तारबाबू मुंबईकडचा, एकटाच राहायचा. भाजी माझ्याकडूनच घ्यायचा. एकदा मी विचारलं, "बाबूजी, विलायतेची खबर इतक्या लवकर कशी येते? मधात तर समुद्र हाय म्हणतात."

"तार समुद्राच्या तळाशीच टाकलीय, बाई," तो म्हणाला. "आत तांबं, त्यावर झाडाच्या चिकाचा जाड लेप, म्हणजे पाणी शिरत नाही. वरून लोखंडी तारा गुंडाळलेल्या. इराणच्या आखाताच्या पाण्यातून ती कराचीला निघते. पलीकडचा माणूस ठोके देतो, लहान-लांब. ते तांब्यातून धावत येतात, आम्ही त्यांची अक्षरं करतो." सांगताना त्याची बोटं गुडघ्यावर वाजत होती.

तेव्हा अमेरिकेत लढाई पेटलेली. तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलेलं. माझ्या धाकट्या दिराने तर ज्वारी न घेता सगळ्या वावरात कापूसच पेरला होता.

ऐन उन्हाळ्यात, भरलेल्या गाड्या बाजारात उभ्या असताना, लढाई संपल्याची तार आली. आता अमेरिकेचा कापूस पुन्हा विलायतेला जाणार, म्हणून व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली, तोलायचे काटे उचलून आत नेले. कोणीतरी ओरडलं, "तारवाल्यानंच भाव पाडला!" काठ्या-कुऱ्हाडी घेऊन माणसं तारघरावर धावली. काहींनी तारेच्या खांबावर घाव घालायला सुरुवात केली, बाकीच्यांनी दार फोडलं. पुढे माझा दीर होता. त्यांनी बाबूला केसांना धरून बाहेर ओढलं. दिराने त्याचा उजवा हात पायरीवर दाबला आणि धोंडा उचलला.

"काहून मारता त्याले, भाऊजी?" मी ओरडले. "लढाई तिकडं संपली. यानं फक्त आयकलं!"

"मंग याच्याच बोटातून काहून आली खबर?"

धोंडा खाली आला. हाडं मोडल्याचा आवाज ओली काडी मोडल्यासारखा झाला. बाबू गुरासारखा हंबरला. दिराने धोंडा पुन्हा उचलला, तेव्हा मी टोपलीतला विळा त्याच्या दंडात घातला. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली. त्याने लाथ मारली. मी बाबूच्या अंगावर पालथी पडले आणि तशीच पडून राहिले. पाठीवर काठ्या बसत होत्या. मग शिपाई चाबूक फोडत आले नि गर्दी पांगली.

बाबूची तीन बोटं गेली. त्याला बैलांच्या दमणीत निजवून अकोल्याकडे नेलं. पुढे त्याचं काय झालं, ते कळलं नाही. घरी नवऱ्याने आधी भावाचा दंड बांधला, मग माझ्या पाठीला हळद लावली.

दीर कित्येक महिने माझ्या हातचं जेवला नाही. त्या साली पुन्हा पेरलेल्या ज्वारीची कणसं भरली तेव्हा एका दुपारी चुलीपाशी येऊन बसला.

"वयनी, खरं सांगा. तुमी मले मारूनच टाकलं असतं काय?"

"हो," मी म्हणाले.

त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "भाकर वाढा."