कैतान अंकलने बटण दाबलं होतं

भुईगावच्या कैतान लोपीस यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, ईस्टरनंतरच्या पहिल्या शनिवारी, दुपारच्या जेवणानंतर, माणिकपूरच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत. मी तिथे होते. त्यामुळे 'असं म्हणतात', 'कानावर आलं' असलं माझ्याकडे काही नाही. पाहिलं तेच लिहिते.

मी पत्रकं वाटणारी मुलगी. बागांमधल्या विहिरी उपसून टँकर भरले जातात, त्याविरुद्ध आमचा गट रिक्षावर भोंगा लावून गावोगाव फिरतो. त्या भोंग्यासाठी आवाज भरायला पहिल्यांदा स्टुडिओत गेले, तेव्हा खुर्चीत एक ठेंगणे गृहस्थ डोळे मिटून बसले होते आणि संगणकाच्या पडद्यावर अंग पुसायचा टॉवेल टाकलेला होता.

"पडदा बिघडलाय का?" मी विचारलं.

"पडदा बरा आहे. मी बिघडू नये म्हणून टाकलाय. डोळ्यांना छान दिसलं की कान लगेच हो म्हणतात." मग एक डोळा उघडून त्यांनी माझं पत्रक वाचलं. "छापलंय झकास. पण चालू आहे की बंद?"

"काय?"

"तुमचं आंदोलन."

हे कैतान अंकल. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये वाजवलं, नंतर सगळं आयुष्य चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थना आणि लग्नांच्या भोंग्यांमागे काढलं, आणि उतारवयात या स्टुडिओत आवाज भरायला बसले. संशय हा त्यांचा स्वभावच होता. पापलेटचे कल्ले उचलून पाहिल्याशिवाय ते कोळणीशी बोलत नसत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरला म्हणाले, "काढला म्हणता, तर दाखवा." आमच्या गटाकडे तर ते टँकरवाल्यांकडे पाहावं तसंच पाहायचे. मला ते 'पत्रकवाली' म्हणायचे. नाव माहीत होतं, पण घेत नसत.

स्टुडिओतल्या सॉफ्टवेअरचं तोंड तेव्हा जुन्या यंत्रासारखं रंगवलेलं होतं. कडेला सागवानी लाकूड, मधोमध पिवळ्या उजेडात थरथरणारे काटे, कोपऱ्यात गंजलेले स्क्रू. मालक नितेश गिऱ्हाइकाला आधी तेच दाखवायचा. "हे विंटेज. यातून जुन्या रेकॉर्डसारखा आवाज येतो." गिऱ्हाईक मान डोलवायचं. मागून अंकल विचारायचे, "नितेश, तो डावा स्क्रू सैल वाटतोय. कुठला पाना आणू?"

म्हाताऱ्याला जुनी यंत्रं बघून भरून येत असेल, असा सगळ्यांचा समज. त्यांना राग यायचा. "खरी यंत्रं मी खांद्यावर वाहिलीत. ती तापायची, पावसात शॉक द्यायची. त्यातलं इथे काही आलं नाही, नुसतं लाकूड आलं. आणि हे बटण बघ. काढलंय गोल, पण फिरवायचं तर माऊस सरळ वर न्यायचा. मग गोल कशाला? माझी समजूत काढायला?"

त्या सगळ्या देखाव्यात त्यांचा एकाच गोष्टीवर विश्वास होता. रेकॉर्डिंग सुरू झालं की कोपऱ्यात लाल दिवा पेटायचा. चांगला आवळ्याएवढा, दारातूनही दिसेल असा. "हा एक इथे खरं बोलतो," ते म्हणायचे.

स्वतःच्या कानांवरही त्यांचा भरवसा नव्हता. एकदा टॉवेल टाकून त्यांनी मला एकच गाणं दोन तऱ्हांनी वाजवायला लावलं. एकदा लाकडी यंत्रातून, एकदा तसंच. आणि सकाळपासून ज्याला शिव्या देत होते, तेच त्यांनी पसंत केलं. मग म्हणाले, "मला ओळखू आलं नाही. कुठे छापू नकोस."

माफ करा अंकल. छापते आहे.

आता तो शनिवार. भुईगावात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणतात. तेव्हाचं लांबलचक गाणं अख्खं येणारी एकच बाई उरली होती, रोजीमाय. वय ऐंशीच्या पुढे. विहिरींसाठी फिरणाऱ्या आमच्या रिक्षावर ते गाणं असावं, अशी माझी इच्छा होती. तिला मीच स्टुडिओत आणलं. सकाळी तिने किरकोळ गाणी म्हटली, ती व्यवस्थित भरली गेली. दुपारी आम्ही जेवायला गेलो आणि तेवढ्यात नितेशने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली.

परत आलो तर पडदा ओळखू येईना. लाकूड नाही, काटे नाहीत, स्क्रू नाहीत. सगळं सपाट आणि करडं, बारीक अक्षरांचं.

"हे काय केलंस?" अंकलनी विचारलं.

"काही नाही अंकल, फक्त दिसणं बदललंय. काम तेच. बसा."

मासळीवर, डॉक्टरवर, आमच्यावर, स्वतःच्या कानांवरही विश्वास न ठेवणारा माणूस त्या एका वाक्यावर विसंबला. का, ते मला फार नंतर कळलं. दिसण्याला काही किंमत नसते, हे तर ते स्वतःच जन्मभर सांगत आले होते. मग नुसतं दिसणं बदललं, तर बिघडणार काय? रोजीमायने घसा खाकरला. अंकलनी बटण दाबलं. वेळेचे आकडे पळायला लागले. या गाण्यात नवरीचं नाव घ्यावं लागतं; तिने नातीचं घेऊन गाणं उचललं आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत म्हटलं. भरलं काहीच गेलं नाही.

नव्या आवृत्तीत आवाज भरण्यासाठी आधी पडद्यावर आणखी एका जागी खूण द्यावी लागत होती. ती दिली, की कोपऱ्यातला करडा ठिपका फिकट गुलाबी व्हायचा. तिळाएवढा ठिपका. ती न देता बटण दाबलं, तर आकडे नुसते पळायचे आणि यंत्र अगदी काम करत असल्यासारखं दिसायचं. हा रंग ज्याने निवडला, त्याने साठीच्या पुढच्या एका तरी माणसाला खुर्चीत बसवून विचारलं होतं का? मी मुद्दाम त्या खुर्चीत बसून पाहिलं. माझे डोळे चांगले आहेत. मला फरक दिसला नाही.

"आजी, परत म्हणाल का?" नितेश म्हणाला.

"नाय. एका नावानं पानी दोनदा काढत नाय," रोजीमाय म्हणाली. "पोरीचं दुसरं लगीन लावतो काय?"

आणि तेव्हा नितेश सगळ्यांसमोर बोलला, "अंकल, तुमचे डोळे गेलेत. बटण दाबलंच नाही तुम्ही." लक्षात घ्या, तो अंकलच्या मागेच उभा होता, पडद्याकडे तोंड करून. तिशीतले डोळे, चष्मा नाही. त्यालाही काही दिसलं नव्हतं. अंकल एवढंच म्हणाले, "चूक माझीच. सुरू करण्याआधी थोडं भरून ऐकायला पाहिजे होतं." मी भांडायला लागले, तर मलाच दटावलं, "पत्रकवाली, गप्प."

पुढच्या आठवड्यात नितेशने त्यांना बोलावून घेतलं. पडद्यावर लाकूड परत आलं होतं, काटे आले होते, स्क्रूसुद्धा. "तुमच्यासाठी खास जुना लूक टाकलाय, अंकल. आता खूश?" लाल दिवाही होता, चांगला झळकत होता. अंकलनी रेकॉर्डिंग बंद केलं, तरी झळकत राहिला. तो चित्राचाच भाग होता.

"याच्यापेक्षा तो करडा बरा," अंकल उठत म्हणाले. "तो नुसता पुटपुटतो. हा खोटं बोलतो." त्यानंतर ते स्टुडिओची पायरी चढले नाहीत.

गाणं मात्र त्यांनी सोडलं नाही. मला घेऊन ते रोजीमायच्या अंगणात गेले. नातीचं नाव वापरून झालं होतं, आता दुसरं नाव हवं होतं. अंकलनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"माझं लग्न ठरलेलं नाही," मी म्हणाले. "करायचं की नाही, तेही ठरलेलं नाही."

"तुला कोन विचारतंय?" रोजीमाय म्हणाली. "पानी आमच्या विहिरीचं. तू नाव दे."

गाणं माझ्या फोनवर भरलं. आधी अंकलनी मला दोन शब्द बोलायला लावून ते परत ऐकले. मग विहिरीच्या कठड्यावर बसून, कानात इयरफोन घालून, अख्खं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. छान आहे, असं ते म्हणाले नाहीत. फोन परत देताना म्हणाले, "आहे." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही. माझं नाव घातलेलं ते गाणं आज रिक्षावरून वाजतं, आणि आई मला रोज विचारते की नवरा कुठे आहे.

पण गाणं मिळालं म्हणून त्यांचं नाव परत मिळालं नाही. 'कैतानचे डोळे गेले, बटणच दाबलं नाही त्याने' हे रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर फिरत राहिलं. चर्चच्या वार्षिक सणाच्या भोंग्याचं काम दुसऱ्याला गेलं. गायकवृंदाने बोलावणं बंद केलं. ज्यांच्या लग्नांत त्यांनी आवाज सांभाळला होता, ते त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले, लहान मुलाशी बोलावं तसं. सणाच्या दिवशी ते शेवटच्या बाकावर बसले होते. माइक शिट्ट्या मारत होता आणि कोणी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं नाही. नाताळच्या थोडं आधी ते गेले.

मी नितेशकडे गेले. तो चांगलं बोलला, चहा मागवला. म्हणाला, "खरं सांगू, ताई? मलाही तो ठिपका दिसला नव्हता."

"मग हे लोकांना सांग."

"आता अंकल गेले. त्यांना काय फरक पडतो? आणि माझा धंदा आहे."

अंकलच्या बायकोला फरक पडतो. ती अजून चर्चच्या त्याच पायऱ्या उतरून घरी जाते. म्हणून हे लिहिलं, आणि वाचणाऱ्यांपैकी निदान काही जण तरी तिथे ते वाक्य बोललेले आहेत, हे मला ठाऊक आहे. तुम्ही बोलला असाल, तर येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर घाई करून निघू नका. त्याच पायरीवर थांबा, ती बाहेर येईपर्यंत थांबा, आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ते वाक्य मागे घ्या.