माझी पायाळू शालू

मालकीनबाईनं माझ्या पोरीचे पाय धुतले. वर हळद-कुंकू वाह्यलं. आन् मी येडी, तोंडाला पदर लावून हसत उभी. तिसगावच्या रानात, भर सकाळी.

ह्याच बाईनं मला कैक वर्सं वरून वंजळीत पानी घातलं. माझ्या बापानं देव टाकून धम्म घेतल्याला, तरी मी तिच्या वट्याखाली हात पसरून उभी. शालू झाली तवापास्नं तर बाई म्हनायची, "त्या येड्या कार्टीला तिकडं बांध." मीबी बांधायची. बाभळीच्या बुडाला, कमरंला लुगड्याची चिंधी. खुरपायला मोकळं व्हावं म्हनून, असं सांगायची. खरं सांगू? लाज वाटायची. चपटं तोंड, तिरपे डोळे, बाहेर आल्याली जीभ. नगरचा डाक्टर म्हनला हुता, जन्मापास्नंच अशी हाय, समज उशिरानं येईल, काळीज नाजूक हाय, जपा. त्यानं सांगितल्यालं इंग्रजी नाव मी इसरले. जपा म्हनला, तेवढं ध्यानात ऱ्हायलं.

आन् आठ दिसांपास्नं एकदम सगळं बदाललं. शालूला वट्यावर बसवत्यात काय, गूळ देत्यात काय, लाल फ्राक काय! मला वाटलं, सुधारली बया. पर रानातले गडी माझ्याकडं बघंनात. माझा नवराबी बघंना. त्यो मालकाच्या नव्या हिरीवर यारी चालवायचा. दगडाचा डबा दोरावर खाली सोडायचा, भरून वर घ्यायचा. हीर लई खोल गेल्ती. आत थेंब न्हाई.

पाय धुऊन झाले तशी बाई म्हनली, "उचल तिला. हिरीवर न्यायची."

"कशापायी?"

"पायाळू हाय ना? तूच म्हनली हुतीस."

व्हय, मीच म्हनले हुते. बाळंतपनाचं बोलता बोलता. पोर पायाकडून जन्मली, लई हाल झाले म्हनून. पायाळूचा पाय हिरीच्या तळाला लागला की पानी लागतं, म्हनत्यात आमच्याकडं.

हिरीवर गेले तर डब्यात नवं पोतं अंथरल्यालं. कडंनी लिंबं ठिवल्याली. खाली नुसता अंधार. एका गड्यानं शालूला उचलून डब्यात बसवली, तर ती हसाया लागली. तिला पाळना वाटला.

मी मालकाला म्हनले, "तुमची धाकली नातबी पायाळूच हाय की. तिला का न्हाई बसवत?"

मालक शांतपनी म्हनला, "ती शहानी हाय. दोर तुटला-बिटला तर? हिचं काय!"

हिचं काय.

मी नवऱ्याकडं बघितलं. त्याचा हात यारीच्या दांड्यावर. खाली मान घालून म्हनला, "धा मिन्टाचं काम हाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याचा राग आला, त्याच्यापरीस माझा आला. हिचं काय, हे पयल्यांदा मीच म्हनले हुते, बाभळीला बांधताना. मीच तिची किंमत केली न्हाई, मग ह्यांनी का करावी?

मी डब्यातनं शालूला वढून घेतली. पायावरचं कुंकू पदरानं पुसलं. मालक वरडला, "पुन्यांदा माझ्या रानात पाय ठिवायचा न्हाई!"

"न्हाई ठिवत," म्हनले, आन् चालाया लागले.

नवरा दुपारी घरी आला, तोंड पाडून. त्याला भाकरी वाढली. शालूला घ्यायला त्यानं हात पुढं केला, तर म्या दिली न्हाई.

बाजाराच्या दिशी शालूला हाताला धरून पार बाजारातनं चालवली. मान्सं थांबून बघत हुती. बघंनात का! मी काय तिचं तोंड झाकलं न्हाई. आता तिला बांधनार न्हाई, लपवनार न्हाई. तिच्या अंगाला कुनाला हात लावायचा आसंल, तर त्यानं आधी मला आडवी पाडावी.

हे मी पयल्यांदा सांगितलं ते नवऱ्याला.