आबांचे तीन ‘न्हाई’

माझे गाव वडिवळे सोडले त्या सकाळी मी रडलो नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण आमच्या भावकीत आजही असे सांगतात की कामशेतच्या फलाटावर मी हुंदके देत होतो आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला ढकलून गाडीत बसवले. ढकलले कोणी नाही. भाताची झोडणी उरकून खाचरे मोकळी झाली होती, म्हणून आबांना मला पोचवायला सवड मिळाली, इतकेच. माझ्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक आणि त्यांच्या खांद्यावर आंबेमोहराची पिशवी, असे आम्ही बांधाबांधाने चालत स्टेशनवर आलो. गाडी हलली तेव्हा खिडकीचा गज धरून ते चार पावले चालले आणि म्हणाले, “कायबी होऊ दे, बरं-वंगाळ, पयलं मला सांग. दुसऱ्याच्या तोंडनं कळाया नगं.” मी मान हलवली. माझे लक्ष पिशवीतला तांदूळ पुस्तकांवर सांडत तर नाही ना, याकडे होते.

कामशेतपासून लोणावळे किती? मधे एक मळवली. एवढ्याशा अंतराला स्थलांतर म्हणतात काय, असे कोणी विचारील. पुढे मी जबलपुरास गेलो आणि तेथे चाळीस वर्षांहून अधिक काळ तत्त्वज्ञान शिकवले. परंतु गाव सुटले ते जबलपुरामुळे नव्हे. ते मळवली मागे पडली तेव्हाच सुटले. पुण्याला कॉलेजात असताना सुट्टी लागली की मी घरी येई. लोणावळ्याला गेलो आणि सुट्टीसुद्धा तिकडचीच झाली.

लोणावळ्याला मी राहिलो ती वास्तू म्हणजे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी ख्रिस्ती मंडळींनी चालवलेले अभ्यासगृह. गावात तिला ‘पाद्र्याचा बंगला’ म्हणत, पण पाद्री तेथे महिन्यातून एकदा येई आणि तोही चहा घेऊन परत जाई. घर चालवीत असत शमुवेलराव, कॉलेजातून निवृत्त झालेले मराठी ख्रिस्ती प्राध्यापक. उंच, किंचित बहिरे आणि कोणाचेही बोलणे अर्ध्यात न तोडणारे. आम्ही दहाबारा विद्यार्थी होतो. निम्मे ख्रिस्ती, बाकीचे माझ्यासारखे. सकाळच्या प्रार्थनेची सक्ती कोणावर नव्हती. जेवण मात्र एकाच टेबलावर. मी एम. ए.चा अभ्यास करीत होतो, आठवड्यातून दोन दिवस पुण्याला जात असे आणि राहण्याच्या बदल्यात ग्रंथालय सांभाळीत असे. सांभाळणे म्हणजे काय, ते लोणावळ्याचा पावसाळा पाहिलेल्यालाच कळेल. पुठ्ठ्यांवर हिरवी बुरशी धरे. कोळशाची शेगडी मधे ठेवून तिच्याभोवती मी पुस्तके पाने उघडून उभी करीत असे, आणि ग्रीक तत्त्ववेत्ते व ख्रिस्ती संत एकाच धगीला ऊब घेत बसत.

त्या घराचा एकच नियम खरोखर कडक होता. चहानंतरच्या बैठकीत कोणाचे मत खोडायचे असेल तर आधी ते मत स्वतः मांडावे लागे. तेही ‘याचे म्हणणे असे आहे’ अशा शब्दांत नव्हे. ‘मी’ म्हणून, जणू ते आपलेच आहे. मग ज्याचे ते मत, त्याने उठून “होय, हेच माझे म्हणणे” असे म्हणावे. तो “नाही” म्हणाला तर पुन्हा मांडायचे. तीनदा चुकलात तर त्या दिवशी तुम्हांला बोलण्याचा अधिकार नाही. हा नियम स्वयंपाकघरापर्यंत गेला होता. भात करपला अशी तक्रार एकाने केली, तेव्हा आमच्या रखमा मावशींनी उलथने रोखून त्याला ठणकावले, “आदी माजं म्हना की! म्हना, मी रखमा, सकाळधरनं वल्ल्या लाकडांम्होरं फुकतीया, डोळं फुटायची पाळी आली. आन् मंग बोला भाताचं!” त्याने बिचाऱ्याने ते ‘मी रखमा’पासून अक्षरशः म्हटले. मावशी म्हणाल्या, “व्हय, ह्येच माजं म्हननं,” आणि करपलेलाच भात त्याला आणखी एक डाव वाढला.

या नियमात माझ्याइतका तरबेज कोणी नव्हता. ही बढाई नाही. मनोहरनेही आपल्या लेखात एवढे कबूल केले आहे. मनोहर म्हणजे पुण्याच्या सदाशिव पेठेतला माझा सहाध्यायी. गेल्या महिन्यात अभ्यासगृहाच्या माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका टपालाने आली, तीत त्याचा माझ्यावर लेख आहे. एवढे एक वाक्य सोडले तर तो लेख आरंभापासून शेवटापर्यंत चुकीचा आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

घडले ते असे. दानिएल नावाचा नगरकडचा एक विद्यार्थी आमच्यात होता. त्याच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. तो स्वीकार विचाराने नव्हे, अडचणीपोटी झाला, असा माझा आक्षेप होता आणि तो मी बैठकीबाहेर, जेवणाच्या टेबलावर, तीन आठवडे लावून धरला होता. एका दुपारी शमुवेलराव म्हणाले, “आज तू दानिएलचे मांड.” मी उभा राहिलो. मी म्हणालो, “मी ख्रिस्ताचा आहे. ज्या देवांपुढे माझ्या वाडवडिलांनी डोके टेकले, त्यांच्याकडे मी आता परत वळणार नाही.” त्यानंतर गावाच्या विहिरीवरून आजोबांना हाकलल्याची हकिगत मी सांगितली, एका पाद्र्याने त्यांना प्रथमच पुऱ्या नावाने हाक मारल्याची सांगितली, आणि अडचण व विचार यांची फारकत ज्याला पाणी मिळते तोच करू शकतो, असा शेवट केला. दानिएल उठला. मग म्हणाला, “होय. हेच माझे म्हणणे. मलाही इतके नीट येत नव्हते.” माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा विजय; आणि तो दुसऱ्याच्या मताचा होता.

त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारात विठू उभा होता. विठू माझा आतेभाऊ, कुरवंड्याचा. दोन म्हशी बाळगून तो लोणावळ्याच्या बंगल्यांना दूध घाली. त्याने माझी पहिली दोन वाक्ये ऐकली. तिसरे ऐकायला तो थांबला नाही. दुधाची चरवी उघडीच टाकून तो गेला, असे रखमा मावशींनी मागाहून सांगितले. विहिरीची हकिगत कानी पडेपर्यंत थांबला असता, तर हा बोलतो ती कहाणी आपल्या घराण्याची नव्हे हे त्याला कळले असते. आम्हांला विहिरीवरून कोणी हाकलले नव्हते, उलट हाकलणाऱ्यांत आम्ही होतो. विठूवर माझा राग नाही. आमच्याकडे माणूस ‘मी’ म्हणतो तेव्हा तो स्वतःचेच बोलत असतो.

पुढच्या रविवारी आबा आले. मनोहर लिहितो की ते काठी घेऊन आले आणि फाटकातूनच गरजले. काठी नव्हती. खांद्यावर तांदळाची पिशवी होती, तीच. भावकी सांगते की मी बापाला पाणीसुद्धा विचारले नाही. हे मात्र खरे आहे, मी विचारले नाही. पाणी दानिएलने आणले. आबांनी त्याचे नाव विचारले, गाव विचारले, आणि तांब्या तोंडाला लावून सगळे पाणी प्याले. शमुवेलरावांनी आपली वेताची खुर्ची पुढे केली, तरी ते व्हरांड्याच्या पायरीवरच बसले. आम्ही सारे बैठकीसाठी जमलो होतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिले नाही. मला विचारले, “इठू म्हनतो, तू त्येंच्यात गेलास. व्हय का?”

एका शब्दाचे उत्तर होते. मी कधीही बाप्तिस्मा घेतला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. स्मरणिकेत मला ‘मनाने आमचाच’ म्हटले आहे, तेही मी येथेच नाकारतो. परंतु त्या दिवशी तो एक शब्द मी उच्चारला नाही. मी म्हणालो, “आबा, प्रश्नच चुकीचा आहे. ‘त्यांच्यात’ म्हणजे कोणांत?” कोणीतरी हसले. मनोहर, तो तू होतास.

तेव्हा शमुवेलराव हळूच मला म्हणाले, “नियम सर्वांना आहे. आधी त्यांचे मांड.” आणि आबांकडे वळून त्यांनी नियम समजावला. आबांनी तो लगेच ओळखला. म्हणाले, “म्हंजी ह्यो माजं बोलनार, आन् मी व्हय का न्हाई सांगायचं. बोल म्हनावं.”

मी उभा राहिलो. मला वाटले, हे तर सोपे. मी म्हणालो, “मी वडिवळ्याचा शेतकरी आहे. मुलगा धर्मांतर करील तर गावात माझी मान खाली जाईल, अशी मला भीती वाटते.”

“न्हाई,” आबा म्हणाले.

“मी जातीला धरून राहणारा माणूस आहे. माझ्या मुलाने परजातीच्या हातचे खाल्ले, हे मला सहन होत नाही.”

आबांनी शेजारचा रिकामा तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. “न्हाई.”

मी चिडलो. माझ्यावर अशी पाळी कधी आली नव्हती, तीही सर्वांसमोर. मी म्हणालो, “मी म्हातारा होत चाललो आहे. खाचरात उतरायला मला मुलाचे हात हवे आहेत.”

“न्हाई रं,” ते म्हणाले. या वेळी ते माझ्याकडे बघत होते. “ह्ये कायबी माजं न्हाई.”

तीन झाले. नियमाप्रमाणे मला आता बोलण्याचा अधिकार उरला नव्हता, आणि मी नियमाचा आधार घेऊन गप्प बसलो. आबा उठले, शमुवेलरावांना रामराम केला आणि पिशवी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली. “नवा तांदूळ हाय, पानी बेतानं घाला,” एवढे रखमा मावशींना सांगितले आणि ते फाटकाबाहेर पडले. मनोहर लिहितो की एक पिता त्या दिवशी विचारस्वातंत्र्यापुढे निरुत्तर होऊन परत गेला. निरुत्तर कोण झाले, हे त्याने पाहिले होते.

मी नंतर पत्र लिहिले. चार पानी, पाच मुद्द्यांत, मी धर्मांतर केलेले नाही हे सिद्ध करणारे. आबांना वाचता येत नव्हते. शाळेच्या मास्तरांनी ते देवळाच्या पारावर चार माणसांत वाचून दाखवले. विठू मला म्हणाला, “मामानं ऐकलं, आन् उठून ग्येला.” त्या वेळी मला वाटले, मुद्दे नीट पटले नसावेत.

पुढे जबलपूर. तेथे मी पहिल्यांदा भाजीला सब्जी म्हटले तेव्हा माझा मीच चमकलो. आता चमकत नाही. गल्लीतले लोक मला पंडितजी म्हणतात. ज्याला वडिवळ्यात पाद्री म्हणत त्याला येथे पंडितजी म्हणतात, आणि दोन्हीकडे मी दुरुस्ती करून थकलो. पत्नी गेली. मुलीच्या मुलांना मराठी समजते, पण ती उत्तर हिंदीत देतात. आंबेमोहर येथे मिळत नाही. मिळतो म्हणून सांगतात, तो आंबेमोहर नव्हे.

आबा असेपर्यंत मी दोनचार वर्षांनी गावी जात असे. आम्ही भाताबद्दल बोलत असू, बैलांबद्दल बोलत असू. ते पुन्हा कधी विचारीत नसत, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे मला कमीपणाचे वाटे. ते गेल्याची तार पोचून मी वडिवळ्याला आलो तोवर सगळे उरकले होते. त्यांचे जाणेही मला दुसऱ्याच्याच तोंडून कळले.

स्मरणिका वाचून मी मनोहरला खरमरीत उत्तर लिहायला बसलो. आणि आरंभासाठी, तुम्ही वर वाचलात तो, कामशेतच्या फलाटावरचा प्रसंग लिहिता लिहिता माझा हात थांबला. आबांचे म्हणणे मला शोधावे लागणार नव्हते. ते त्यांनी खिडकीचा गज धरून आधीच सांगून ठेवले होते आणि मी त्याला मान हलवली होती.

म्हणून नियमाप्रमाणे, चौथ्यांदा, अधिकार नसताना मांडतो.

मी कोंडिबा, वडिवळ्याचा. माझा मुलगा कोणाचा झाला, हे विचारायला मी आलो नाही. तो ख्रिस्ताचा झाला असता तरी तांदूळ मी याच घरी आणला असता. मी त्याला म्हटले होते, काहीही झाले तरी पहिल्यांदा मला सांग. गावाला कळले, विठूला कळले, आणि मला त्यांच्याकडून कळले. ते खरे की खोटे, हा माझा प्रश्नच नव्हता. मला त्याच्या तोंडून ऐकायचे होते, म्हणून मी एवढ्या दूर आलो. आणि त्याने माझ्याशी वाद घातला.

हे मांडणे चुकीचे आहे असे भावकीने मला कळवू नये, मनोहरने तर मुळीच कळवू नये. तो अधिकार एकाच माणसाचा होता. घर म्हणजे काय, असे तुम्ही गाव सोडून जाणारे आणि गावात राहणारे सगळेच आता विचारता. वडिवळ्याचे घर भावकीच्या ताब्यात आहे, लोणावळ्याचा बंगला विकला गेला, जबलपूरचे घर माझ्या नावावर आहे. यांपैकी एकाशीही माझा वाद नाही. माझे घर ती व्हरांड्याची पायरी, जिथे बसून आबांनी माझे बोलणे तीनदा पुरते ऐकून घेतले. या वेळी त्यांनी “व्हय” म्हणावे, असा माझा हट्टही नाही. पुन्हा “न्हाई” म्हणाले तरी चालेल. मी पाचव्यांदा मांडीन.