मधल्या खोलीतलं कासवाचं घर

लग्न होऊन मी गंगापूरजवळच्या खेड्यातून औरंगाबादेत आले, तेव्हा निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. सासरे निजामाच्या काळापासून कचेरीत कारकून होते, नुकतेच निवृत्त झालेले. नवरा पाटबंधारे खात्यात, सदा फिरतीवर. त्यामुळं घरात बहुतेक वेळा सासू-सासरे आणि मी असे तिघंच, आणि त्या दोघांशी काय बोलावं ते मला सुचत नसे. सासऱ्यांना मामंजी म्हणायचं असं आईनं शिकवून पाठवलं होतं, पण तशी हाक मारायची वेळच यायची नाही. पदर सावरून चहाचा कप ठेवायचा आणि आत यायचं.

दिवाळीनंतर माझा भाऊ आला तो पिशवीत कासव घेऊनच. ते मी लहानपणापासून सांभाळलेलं. कोरड्या जमिनीवर राहणारं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं.

"तू गेल्यापासून नीट खातच नाय ते," भाऊ म्हणाला. "आई म्हणली, तिचं तिला देऊन ये."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "कासव देवळात असतं, पोरी. दगडाचं. जितं कासव घरात कोण ठेवतं?"

अंगण म्हणजे फरशीची एवढीशी जागा, तीही शेजाऱ्यांच्या सामाईकीतली. म्हणून कासव घरातच फिरू लागलं. एकदा धान्याच्या डब्यांमागं अडकलं. एकदा आत्याबाई वरणाचं पातेलं घेऊन वळल्या आणि ते नेमकं पायात आलं. त्या सावरल्या, पण वरण सांडलं. त्यांनी मला न बोलावता स्वतःच फरशी पुसून घेतली, त्याचीच मला जास्त भीती वाटली. संध्याकाळी मी खाली बघत म्हणाले, "भावाला निरोप धाडते. घेऊन जाईल परत."

मामंजींनी वर्तमानपत्र खाली केलं. "परत कशाला? त्याला हक्काची जागा नाही म्हणून फिरतंय ते. जागेचा बंदोबस्त करू."

माझ्याशी ते एवढं सलग पहिल्यांदाच बोलले.

दुसऱ्या दिवशी ते गुलमंडीच्या बाजारातून चहाच्या दोन रिकाम्या पेट्या टांग्यात घालून घेऊन आले. शेजाऱ्यांची करवत मागून आणली. जन्मात त्यांनी खिळा ठोकला नव्हता. हातोडी खिळ्यावर कमी आणि अंगठ्यावर जास्त बसायची. मागच्या खोलीत त्यांनी चौकट उभी केली आणि चारी बाजूंनी जाळी लावली. "बाहेरचं दिसलं पाहिजे त्याला. कोंडून ठेवल्यावर कुणाला बरं वाटतं?"

कासव दिवसभर जाळीला तोंड लावून रेटत राहिलं. नाक सोलून लाल झालं. असं होणार हे मला ठाऊक होतं, पण मोठ्या माणसाला कसं सांगायचं? शेवटी राहवलं नाही.

"मामंजी, जाळीतून पलीकडचं दिसतं म्हणून ते तिकडंच जातंय. गावी मातीची भिंत लागली की गुमान माघारी वळायचं."

त्यांनी पक्कड खाली ठेवली. "मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हाला कसं सांगणार?"

"तोंडानं," ते म्हणाले आणि हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले.

मग आम्ही दोघांनी मिळून जाळी काढली आणि फळ्या लावल्या. मी माती चाळून उन्हात वाळवली, तिच्यात वाळू मिसळली. तळाला पत्रा घातला. फुटक्या रांजणाचा अर्धा तुकडा कोपऱ्यात पालथा ठेवला, आत शिरून बसायला. पाण्यासाठी पसरट पणती. सगळं झाकपाक झालं, पण मागच्या खोलीत ऊन यायचं नाही. थंडी वाढली तसं कासवानं डोकं आत ओढून घेतलं आणि खाणं सोडलं.

सकाळभर ऊन यायचं ते फक्त मधल्या खोलीच्या खिडकीशी. तिथं आत्याबाईंची चटई असायची. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून ऊन घेत त्या तिथं तांदूळ निवडत बसायच्या. मामंजींनी आणि मी एकमेकांकडं पाहिलं. ती जागा मागायची दोघांचीही छाती झाली नाही.

एका सकाळी आत्याबाई आपणहून मागच्या खोलीत आल्या. वाकून कासवाच्या पाठीला बोट लावलं. "गारठलंय की हे पार." परत गेल्या, चटई गुंडाळली आणि तिथूनच ओरडल्या, "आणा ते खोकं इकडं!"

"आणि तुमचे गुडघे?" मी विचारलं.

"मला सरकता येतं. ऊन जिकडं जाईल तिकडं मी जाईन. त्याला त्या खोक्यातून जाता येतंय व्हय?"

दोघांनी धरून ते खोकं खिडकीशी आणलं. ढगाळ दिवसांसाठी मामंजींनी वर पत्र्याच्या टोपीचा दिवा टांगला. दोन-तीन दिवसांनी कासवानं मान बाहेर काढली आणि आत्याबाईंच्या हातातलं घोळीचं पान ओढून घेतलं. "खाल्लं की गं!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की शेजारीण काय झालं ते बघायला आली.

त्यानंतर घरात बोलणं सुरू झालं. मामंजी मला शेतातलं विचारायचे, मी त्यांना कचेरीतलं. कासवाची माती बदलता बदलता आत्याबाईंनी मला आपल्या माहेरच्या, फुलंब्रीकडच्या, कितीतरी गोष्टी सांगितल्या.

पुढच्या वर्षी बाळंतपणाला मी माहेरी गेले. बाळाला घेऊन परतले तर खोक्याच्या फळ्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या. मामंजी काचकागद घेऊन रोज घासत बसायचे, असं आत्याबाईंनी सांगितलं.

"पोरगं रांगत इथंच येणार," मामंजी म्हणाले. "कुसळ शिरायला नको हातात."

माझा मुलगा पहिल्यांदा उभा राहिला तो त्याच फळीला धरून. कासव बरीच वर्षं जगलं. ते गेलं तेव्हा आत्याबाई दिवसभर जेवल्या नाहीत.

आता मामंजी आणि आत्याबाई दोघंही नाहीत. आपल्याकडं सासू-सासऱ्यांचे आभार मानायची रीत नाही, मीही कधी मानले नाहीत. पण माझ्या वयाच्या बायका सासरचं दुःख सांगत बसतात, तेव्हा माझ्यापाशी सांगायला काहीच नसतं. हे केवढं मोठं नशीब आहे, ते मला त्यांचं ऐकताना कळतं.