रिकामी ठरवलेली जागा

खड्डा फारच देखणा होता, म्हणून मला त्याचा संशय आला.

ताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या आयनित, म्हणजे विद्युतभारित, वायूतला नायट्रोजन अवरक्त प्रकाश देतो. डोळ्यांना तो दिसत नाही; दुर्बिणीने टिपला की आलेखावर टेकडी उठते. माझ्या विद्यार्थिनीच्या आलेखात टेकडीला लागून एक खड्डाही होता. आमच्या विभागप्रमुखांनी पाहताक्षणी सांगितलं, पुढे थंड वायू आहे, तो प्रकाश गिळतो. मग त्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन केला. शनिवारी या शोधाचा सत्कार. फ्लेक्सवर प्रमुख मोठे, विद्यार्थिनी लहान, वायू कुठेच नाही.

तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या खड्ड्यावर उभं होतं. सत्कारानंतर तो खोटा निघाला असता, तर नाव तिचं गेलं असतं.

मी आधी प्रमुखांवर संशय घेतला. ती सवयच आहे. मग यंत्रावर. मग तिच्या गणितावर. शहराच्या टोकावरच्या हुडकेश्वरहून रोज येऊन तिने ते तीनदा करून दाखवलं.

"सर, आता माह्यावरच डाऊट घेऊन राहिले का?"

"मी सगळ्यांवर घेतो."

"सगळ्यांवर नाही घेतला," ती म्हणाली.

अवरक्तात हवा आणि दुर्बिणीचा आरसाही उजळतात. म्हणून दुर्बीण आधी वायूकडे बघते, मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, आणि दुसरं पहिल्यातून वजा करतात.

"ती रिकामी जागा कोणं ठरवली, सर?"

निरीक्षणाच्या अर्जावर सही माझी होती. साध्या प्रकाशातल्या जुन्या फोटोत ती जागा काळी दिसली, मी रिकामी म्हणून लिहून दिली. काळेपणा धुळीचा असू शकतो आणि अवरक्त प्रकाश धुळीतून पार येतो, हे मी बी.एस्सी.च्या मुलांना दरवर्षी शिकवतो.

तिने त्या जागेचा वेगळा आलेख पुढे ठेवला. आधीच्या आलेखात जिथे खड्डा होता, नेमकी तिथेच यात एक छोटी टेकडी. आम्ही वायूतून वायूच वजा केला होता.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"सोमवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांवर संशय घेऊन राहिले होते. मले वाटलं, तुमची पाळी येईलच."

आम्ही दोघं प्रमुखांकडे गेलो. ते आलेख बघून म्हणाले, "फ्लेक्स छापून झाला हो."

सत्कार बारगळला. तिने शेवटचं प्रकरण चार महिन्यांत नव्याने लिहिलं: धुळीआडच्या त्या फिक्या वायूवर. मसुद्यात लिहिलं होतं, 'तुलनेची जागा चुकीची निवडली गेली.' मी पेन काढून त्यात 'मार्गदर्शकाकडून' हा शब्द घातला. तिने तो वाचला आणि खोडला नाही.