पुऱ्या नावाची हाक

मार्गशीर्षातल्या संध्याकाळी आमच्या वस्तीवर कारखान्याच्या मळीचा गोड-आंबूस वास उतरतो आणि प्रवरेवरून येणाऱ्या गार वाऱ्यात तो इतका जड होतो, की दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत सोडत नाही. एरवी मला तो आवडतो. त्या संध्याकाळी मात्र शाळेतून परतले आणि तो वास भीतीच घेऊन छातीत शिरला, कारण अंगणातली बाज रिकामी होती, माझ्या वडिलांच्या, अब्बांच्या, चपला बाजेखाली तशाच होत्या आणि फाटकाची कडी निघालेली होती.

फाटकापलीकडे ऊस. कोल्हारच्या शिवारात उसाचे नवल ते काय. पण तोडीला आलेला, माणसाला सहज गिळून टाकणारा ऊस दिवस मावळला की आपला राहत नाही. त्याच आठवड्यात बांधावरून शेजारच्या दगडूभाऊंचे कुत्रे बिबट्याने उचलले होते. वनखात्याने लावलेल्या पिंजऱ्यातली शेळी दिवसभर ओरडून जीव नकोसा करी. त्या वेळी ती गप्प होती, आणि तिचे ते गप्प असणेच मला अधिक घाबरवत होते.

अब्बांना भीती कळत नव्हती, हेच खरे भय. अम्मी गेल्यानंतरच्या वर्षभरात विस्मरणाने त्यांना आतून रिते करत आणले होते. आधी घराची वाट गेली, मग माणसे गेली, आणि अलीकडे तर ‘अब्बा’ म्हटले की ते मागे वळून स्वतःच्याच वडिलांना शोधत. मी हे कुणाला सांगितले नव्हते. सांगितले की ते खरे होईल, अशी माझी वेडी समजूत होती.

वस्तीवरची माणसे बॅटऱ्या घेऊन धावली. कुणी पत्र्याचा डबा बडवू लागले, कुणी ‘चाचा, ओ चाचा’ म्हणून हाका घालू लागले. मी आत घुसणार तोच दगडूभाऊंनी मला अडवले.

“ताई, तुमी आत जाऊ नका. जनावर आसंल तर आवाजानं निघून जाईल. न्हाईतर...”

ते ‘न्हाईतर’ त्यांनी तिथेच सोडले. मी बांधावर उभी राहून ‘अब्बा, अब्बा’ ओरडत राहिले आणि प्रत्येक सळसळीत मला जनावराचा पाय ऐकू येत राहिला. अंधार पानांच्या बुडातून वर चढत होता. सांगायला लाज कसली, मला त्या क्षणी अल्लाही आठवत नव्हता.

“रहमान! ओ रहमानभाई!” पलीकडच्या बांधावरून कुणीतरी हाक दिली, आणि मला एकाएकी अब्बांचे दुकान दिसले. विहिरींवरच्या जळलेल्या पाण्याच्या मोटारी भरून देण्याचा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक दारातून ‘रहमानभाई’ म्हणे, आणि अब्बा खाली मान घालून तांब्याची तार गुंडाळतच राहत. पुन्हा हाक, पुन्हा तेच. शेवटी कुणी ‘अब्दुल रहमान’ असे पुरे म्हटले, की मान वर होई. रहमान तो वरचा, सगळ्यांवर दया करणारा. मी त्याचा अब्दुल, म्हणजे बंदा; त्याच्या नावाने मला हाक मारलीत तर मी ओ कशी देऊ, असे ते हसत पण ठामपणे सांगत. लोक थट्टा करत आणि पुढच्या वेळी पुरे नाव घेत.

आता शिवारात कुणी चाचा म्हणून, तर कुणी अर्ध्या नावाने त्यांना हाका मारत होते.

लेकीने बापाचे नाव घेणे, तेही उभ्या रानात ओरडून, ही आमच्याकडे बेअदबी. मी डोक्यावर ओढणी घेतली. मग पोटातून, सगळ्या भीतीसकट, ओरडले, “अब्दुल रहमान!”

“जी.”

किती जवळून! बांधापासून थोड्याच आत, सरीतल्या पाचटावर ते बसले होते. पाय उसाच्या पानांनी कापले होते; चेहरा शांत होता. दगडूभाऊंनी हात धरून त्यांना बाहेर आणले, तेव्हा मी रडत होते की हसत होते ते मला सांगता येणार नाही.

अब्बांनी बॅटरीच्या उजेडात माझ्याकडे निरखून पाहिले.

“बाई, लई दिसांनी कुनी पुरं नाव घेतलं. कुनाच्या वो तुमी?”

घरात आम्ही दखनी बोलतो. मराठी अब्बांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांसाठी, बाहेरच्या माणसांसाठी ठेवली. आणि ‘तुमी’ ते मला कधीच म्हणाले नव्हते. बिबट्याचे भय निदान त्या उसापुरते होते. हे त्याहून निराळे होते आणि त्याला पिंजरा लावता येणार नव्हता.

मी जन्मले तेव्हा कानात अजान देऊन माझे नाव पहिल्यांदा उच्चारले ते अब्बांनीच. अम्मी सांगायची, इतक्या हळू, की तिलाही ऐकू आले नाही. ते नाव माझ्या ओठांवर आले. सांगावे, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीच हलले नाही तर?

“चला, घरी चला,” एवढेच मी म्हणाले. भल्या परक्या बाईबरोबर निघावे तसे ते मुकाट्याने, अदबीने निघाले. माझे नाव मी त्यांना सांगितले नाही. अजूनही सांगितलेले नाही.